मुदतीआधी

कोळारच्या रस्त्यानं जाताना मला भाड्याच्या पाट्या वाचायची सवय लागली आहे. सोन्याच्या खाणींचं कोलार ते वेगळं, दूर दक्षिणेला. हे आमचं कोळार बिदरला लागून, हुमनाबादच्या रस्त्याला, औद्योगिक वसाहतीमुळं लोकांच्या तोंडी आलेलं. वसाहतीसमोर रस्त्याच्या कडेनं एकमजली-दुमजली इमारती उभ्या आहेत. खाली शटरं, वर काचेच्या खिडक्या. दर चार-दोन इमारतींआड एखाद्या शटरवर कन्नडात ‘बाडिगेगे इदे’, कुठं ‘टु लेट’, कुठं उर्दूची एखादी ओळ आणि खाली मोबाईलचा नंबर. त्यातले एक-दोन आकडे उन्हानं पुसट झालेले. जागा केवढी, पाणी आहे का, लॉरी आत वळते का, हे पाटी सांगते. आधी इथं कोण होतं आणि ते का गेलं, हे कुठल्याच पाटीवर नसतं.

मला तेच जाणून घ्यावंसं वाटतं. अर्धवट उघड्या शटरातून आत डोकावलं तर गेल्या सालचं कॅलेंडर दिसतं, खिळ्याला टांगलेलं एखादं पिवळं हेल्मेट दिसतं, देवाचा फोटो होता तिथं अगरबत्तीच्या धुराचा काळसर पट्टा दिसतो. बिदरचं सगळं पठार जांभ्या दगडाचं, त्यामुळं इथली धूळही तांबडी. वापरातल्या खिडकीवर ती टिकत नाही, कुणीतरी फडकं मारतंच. रिकाम्या जागेच्या काचेवर ती थरांनी साठते. कोळारचे लोक त्या थराकडे बघून जागा किती दिवसांपासून पडून आहे ते सांगतात आणि त्यावरून भाड्याची घासाघीस करतात. दुपारी वारा फिरला की औषधी कारखान्यांकडून एक उग्र वास येतो. नव्या माणसाला तो घशात लागतो. इथं राहणाऱ्यांचा आता त्याबद्दल बोलण्याचा उत्साहसुद्धा संपला आहे.

माझ्या भाच्यानं याच रस्त्यावर पहिल्या मजल्याची जागा ऑफिससाठी घेतली होती. एक हॉल, दोन खोल्या, मागं छोटी गच्ची. कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारांची कागदपत्रं सांभाळणं हा त्याचा धंदा. हजेरीपट, पीएफ, ईएसआय, पगाराचे तक्ते. करार पाच वर्षांचा, आणि त्यातली पहिली तीन वर्षं ‘लॉक-इन’, म्हणजे तेवढ्या काळात भाडेकरूनं जागा सोडायची नाही, सोडली तर उरलेल्या काळाचं भाडं भरायचं. दुसऱ्या वर्षी दोन मोठ्या कारखान्यांनी ही सगळी कामं आपल्या हैदराबादच्या कचेरीत नेली. कुणाचं भांडण झालं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. काम फक्त तिकडं गेलं. इकडं टेबलं राहिली, पंखे राहिले आणि महिन्याच्या पाच तारखेला जाणारं भाडं राहिलं.

“मामा, एकदा तुम्ही कागद वाचून बघा,” असं म्हणून त्यानं करार माझ्यापुढं ठेवला. माझी सगळी नोकरी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेली. दस्त वाचणं हे माझं पोट होतं, त्यामुळं घरातला कुठलाही कागद शेवटी माझ्याकडे येतो.

मी तो संध्याकाळी सावकाश वाचला. जागेत शिरण्याविषयी त्यात किती प्रेमानं लिहिलं होतं! चतुःसीमा, विजेचं मीटर, किल्ल्यांचे जोड, रंगाची अवस्था, अडव्हान्सची रक्कम, दरवर्षीची वाढ. राहण्याविषयीही पुष्कळ. भिंतीला भोक पाडायचं नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, ज्वालाग्राही माल ठेवायचा नाही. आणि निघण्याविषयी दोन ओळी. त्या दोन ओळींत फक्त पैसे होते. नोकरीतही मी हेच पाहिलं. भाडेपट्टे ढिगानं नोंदवले गेले. पट्टा मुदतीआधी संपवून एकमेकांना मोकळं करणारे दस्त क्वचितच कधी टेबलावर आले, आणि आले तेव्हा कुणाचाच चेहरा धड नसायचा. लोक निघून जातातच, पण त्याचा कागद करत नाहीत. काही रात्री टेम्पो लावतात, काही फोन उचलायचं बंद करतात.

आपल्याकडे प्रवेशाचा मुहूर्त असतो. भाच्यानं जागा घेतली तेव्हा सत्यनारायण झाला होता, मालकांच्या घरून नारळ आला होता, हॉलमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही शिरा खाल्ला होता. निघण्याचा मात्र असा काही विधी नाही. प्रवासापुरता एक होता. माझी आजी प्रस्थान ठेवायची. जायचा दिवस चांगला नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी कपड्यांचं एखादं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे निघणं तेव्हाच झालं असं धरायचं. त्यात शुभाशुभाचा हिशेब असेल, पण शेजाऱ्याला आपण जाणार हे आधी कळायचं, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं. नोटिशीचं कलम कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी ते गाठोडं शेजारच्या कोनाड्यात जाऊन बसलेलं असायचं.

शेतीत मुदत पाडव्याला सुरू व्हायची आणि पाडव्याला संपायची. भालकी, औराद, तिकडं पलीकडं उदगीर-निलंगा, सगळीकडं सालगडी पाडव्यालाच ठरायचा. धान्य किती, रोकड किती, घोंगडं, पायताण, सगळं बोलून व्हायचं, आणि उचल हातावर पडायची. एकदा उचल घेतली की वर्ष बांधलं गेलं. मधेच घरात कुणी आजारी पडलं, बायको माहेरी गेली ती आलीच नाही, मालकाशी पटेना, तर गडी काय करायचा? उचल फेडायची, नाहीतर आपल्या जागी दुसरा गडी उभा करायचा. आमच्या वाड्यात एक जण असा ऐन पेरणीच्या तोंडावर आपल्या मेव्हण्याला घेऊन आला होता. ओसरीच्या पायरीशी दोघं उभे होते, आणि आजोबा मेव्हण्याचे हात बघत होते. ते दृश्य मला पुसट आठवतं. त्या गड्यानं जाण्याचं कारण सांगितलं की नाही ते आठवत नाही. त्याची मान खाली होती, एवढं आठवतं.

त्या व्यवहाराला मी सोनेरी रंग देणार नाही. फिटत नसलेली उचल बापावरून मुलावर यायची, आणि मग ते साल कधीच संपायचं नाही. १९७६ साली वेठबिगारी संपवणारा कायदा झाला तो याच न संपणाऱ्या सालांसाठी. कर्ज डोक्यावर आहे म्हणून माणसाला जागचं हलू न देणं हा त्या दिवसापासून गुन्हा झाला. तेव्हा सोडून जाता येणं ही लहानसहान सवलत नाही, हे मला कुठल्याही करारातली मुदत वाचताना आठवतं. भाच्याच्या वातानुकूलित हॉलची आणि त्या गड्याची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण रात्री तो हिशेबाची वही पुढं घेऊन बसायचा तेव्हा त्याचीही मान खालीच असायची.

जागेच्या भाडेपट्ट्याचा आपला मूळ कायदा १८८२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा. शेतीच्या कौलांना त्यानं वेगळं ठेवलं आणि दुकानं, गोदामं, कचेऱ्या आपल्या हाताखाली घेतल्या. कुठल्या आपत्तीत भाडेकरूला पट्टा रद्द धरता येईल याची त्यात एक यादी आहे. आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार, किंवा माणसाला न आवरणारी एखादी शक्ती यांनी जागाच नष्ट झाली, किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर. ही यादी वाचताना बिदरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं महमूद गावानचा मदरसा येतो. १४७२ साली बांधलेली ती भव्य वास्तू सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात एका अंगानं कोसळली, आणि आजही ती तशीच, अर्धी नक्षीदार आणि अर्धी उघडी, उभी आहे. कायद्याला असं काहीतरी घडलेलं हवं असतं. भिंत पडायला हवी. भिंत शाबूत आहे आणि तिच्या आतलं काम नाहीसं झालं आहे, या दुःखाला त्या यादीत जागा नाही.

देशातला कोरोनाचा पहिला बळी आमच्या शेजारच्या कलबुर्गीत गेला, १० मार्च २०२० रोजी. पंधरवड्यानं सगळा देश बंद झाला, आणि बंद जागांची भाडी चालू राहिली. त्या मे महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढं खान मार्केटमधल्या एका दुकानाचं प्रकरण आलं. दुकान १९७५ साली महिना ३०० रुपयांनी घेतलेलं, आणि आता तिथून निघण्याचा हुकूम होऊनही भाडेकरू ताबा धरून होते. टाळेबंदीत दुकान उघडता येत नाही, तेव्हा भाडं थांबवा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं पैसे भरायची मुदत थोडी वाढवून दिली, पण भाडं थांबवलं नाही. संकटाचं कलम करारात असेल तर त्याचा आधार घ्या, नसेल तर ताबा ठेवणाऱ्यानं भाडं द्यावं, असा त्या निकालाचा आशय.

त्याहून जुना एक निकाल आहे, तो मी नोकरीत असताना एका वकीलसाहेबांकडून ऐकला आणि मनातून गेला नाही. फाळणीच्या आधी पंजाबात एकानं वर्षभराच्या कौलानं जमीन घेतली, पैसे आगाऊ भरले. ऑगस्ट आला. जमीन पाकिस्तानात राहिली, कौल घेणारा निर्वासित होऊन भारतात आला. त्यानं आपले पैसे परत मागितले. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६८ साली उत्तर मिळालं की पैसे परत मिळणार नाहीत. करार पार पाडणं अशक्य झालं तर तो गळून पडतो हे तत्त्व भाडेपट्ट्याला लागत नाही, कारण पट्टा झाला त्याच क्षणी जमिनीतला हक्क घेणाऱ्याकडे गेलेला असतो. तर्कात चूक काढता येत नाही. पण मध्ये एक देश तुटला आहे आणि कागदावरचं वर्ष अभंग आहे, हे मला आजही पचत नाही. आपण त्या प्रदेशातले नाही, तरी आमच्या सीमेवरच्या माणसाला ते जवळचं वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, आमच्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसुरात आलो. आत्याचं घर एका सकाळी परराज्यात गेलं. जमिनी आपल्या जागी होत्या, कचेऱ्या बदलल्या. जुने कौल, जुनी देणी, जुनी नाती, सगळं घेऊन लोक नव्या कचेऱ्यांच्या रांगेत उभे राहिले.

आणि मुदतीचा विचार करायला लागलं की निजामाच्या मुलखातल्या माणसाला वऱ्हाड आठवल्याशिवाय राहत नाही. १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. नावाला मुलूख निजामाचा, कारभार कंपनीचा. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन हैदराबादेत आला, सहावे निजाम महबूब अली खान यांच्याशी बोलला, आणि नोव्हेंबरात करार झाला की दरवर्षी २५ लाख रुपये घेऊन वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं राहील. कायमचा पट्टा! ज्याला शेवट नाही त्याला पट्टा का म्हणावं, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला असेल का? पुढं सातव्या निजामानं वऱ्हाड परत मिळावं म्हणून व्हाइसरॉयकडे मागणी केली, १९२६ साली रीडिंगनं ती ठामपणे नाकारली. १९३६ साली नवा करार झाला, त्यात निजामाचं वऱ्हाडावरचं स्वामित्व मान्य झालं आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. मुलूख मात्र मिळाला नाही. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसांमध्ये ज्याची गणना होत होती त्यालाही एका सहीतून बाहेर पडता आलं नाही. ज्याच्याकडे तोफा आहेत त्याच्याशी केलेल्या कागदात निघण्याचं कलम कुणी घालायचं? शेवटी तो कागद संपला तो राज्यंच संपली तेव्हा. त्या सगळ्यात अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या शेतकऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं, हे वेगळंच.

भाच्याचा करार दुसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट दिसली. कागद ई-स्टँपवर होता, नोटरीचा शिक्का होता, पण नोंदणी झालेली नव्हती. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कोर्टात त्या पाच वर्षांना आणि त्या लॉक-इनला फारसा आधार उरत नाही, व्यवहार महिन्या-महिन्याचा धरला जातो, आणि कारखान्याची जागा नसेल तर तो पंधरा दिवसांच्या नोटिशीनं संपू शकतो. नोंदणीचा खर्च वाचवायला दोन्ही बाजू खुशीनं तयार झाल्या होत्या. बिदरच्या वकिलांनीही तेच सांगितलं, नोटीस द्या आणि बाहेर पडा, पुढचं पुढं बघू. शिवाय दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं कोर्ट ती डोळे मिटून देत नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. म्हणजे दार होतं, आणि ते उघडंही होतं.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, त्यांनी जागा दिली तेव्हा मी तीन वर्षं म्हणालो होतो. नोंदणी नाही म्हणून ते बोलणं झालंच नाही असं कसं म्हणू?” मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. हेही खरं, की तो असं म्हणू शकला कारण त्याच्या घरात दुसरी मिळकत होती. ज्याच्याकडे ती नाही, त्यानं पंधरा दिवसांचं दार वापरलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आम्ही मालकांच्या घरी गेलो. गावातलं जुनं घर, पुढं ओसरी, एका बाजूला तुरीची पोती. मालक सत्तरीचे. घरात कन्नड, बाजारात दखनी, आमच्याशी मराठी, अशा तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात एका वाक्यातसुद्धा येतात. चहाबरोबर सुसला आला. भाच्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, काम गेलं, जागा परवडत नाही, सोडायची आहे, काय करायचं ते तुमच्याकडून ऐकायला आलो आहे. मालकांनी बशी खाली ठेवली.

“नोड तम्मा,” ते म्हणाले, “तुझा किराया म्हणजे माझं पीक आहे. खरीप म्हण, रब्बी म्हण, तेच.”

मग ते जमिनीबद्दल बोलले. वसाहतीत आज जिथं कारखान्याची कंपाऊंड वॉल आहे तिथं त्यांचं रान होतं. मूग, उडीद, तूर, ज्वारी. कर्नाटकात उद्योगांसाठी जमीन घेऊन देणारं मंडळ १९६६ च्या कायद्यानं झालं, आणि त्यानं गावोगाव जमिनी संपादन केल्या. मंडळ ती जमीन कारखान्याला आधी भाडेपट्ट्यानं देतं, ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या की विक्रीखत करून देतं. शेतकऱ्याला मोबदला मिळतो, पण त्याच्यासाठी परतीचा पट्टा नसतो. “माझी जमीन घेतली तेव्हा मला कोण मुदत विचारली?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्या मोबदल्यातून त्यांनी रस्त्यालगत ही इमारत बांधली, आणि भाच्याच्या पाच वर्षांच्या भरवशावर बँकेचं कर्ज काढून वर दुसरा मजला चढवला. बँकेचा हप्ता दर महिन्याला. तिथं लॉक-इन पंधरा वर्षांचं.

हे आम्हांला ठाऊक नव्हतं. करारात ते कुठून असणार? भाडेकरूला आपल्या मुदतीवर कुणाचा मजला उभा आहे ते दिसत नाही, आणि मालकाला भाडेकरूचं काम कुठल्या शहरातल्या संगणकावर गेलं ते दिसत नाही. भाच्याच्या हॉलची तीन वर्षं मालकांच्या वरच्या मजल्यात गेली होती, वरचा मजला बँकेत गेला होता, आणि त्या दोघांपैकी कुणीही हैदराबादच्या त्या कचेरीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. उद्या कसा असेल याचा अंदाज दोघांनी मिळून बांधला आणि मिळून सही केली. तो अंदाज एकट्या भाच्याचा चुकला नव्हता. मग त्याचं सगळं ओझं निघणाऱ्यानंच का उचलावं? करार म्हणतो त्यानंच. ओसरीवर बसल्यावर मला ते पटेना. आणि मालकांकडे बघितल्यावर, ओझं सगळं टाकून देणंही पटेना.

मालकांच्या मुलानं बेंगळुरूहून फोनवर स्पष्ट सांगितलं, उरलेल्या महिन्यांचं सगळं भाडं घ्या, कागदात आहे. मालकांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, “घाई नक्को. पोरगं तिथून बोलतंय.” मग दोघं हिशेबाला बसले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी लोक काय ठरवतात ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. भाच्यानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची. त्या काळात नवा भाडेकरू दोघांनी शोधायचा. ज्या दिवशी तो येईल त्या दिवसापासून भाच्याचं भाडं बंद. नाही आला तर अडव्हान्समधून आणखी तीन महिन्यांचं वळतं करून घ्यायचं आणि उरलेलं परत द्यायचं. हॉलमधलं काचेचं पार्टिशन आणि दोन्ही एसी तिथंच सोडायचे, त्याचे पैसे मागायचे नाहीत. रंग मालकांनी द्यायचा. “तू लावलास तर तुझ्या पसंतीचा लावशील,” असं म्हणून ते पहिल्यांदा हसले.

कायद्यात पट्टा संपण्याचे जे मार्ग मोजले आहेत त्यांत हाही एक आहे. भाडेकरूनं आपला हक्क मालकाच्या हाती सोपवायचा आणि मालकानं तो घ्यायचा, परस्परांच्या संमतीनं. कायद्यानं त्यावर एक ओळ खर्च केली आहे. एवढी वर्षं ती ओळ वाचली, पण तिच्यात चहा असतो, पोती असतात, फोन खाली ठेवणारा एक म्हातारा असतो, हे मला त्या ओसरीवर दिसलं. पाडव्याआधी निघालेल्या त्या गड्यालाही हाच मार्ग ठाऊक होता. बदली माणूस घेऊन यायचं आणि समोर उभं राहायचं. फरक एवढाच, की तो पायरीशी उभा होता, आणि माझा भाचा मालकांशेजारी सतरंजीवर बसला होता. एवढा फरक पडायला किती वर्षं आणि किती कायदे लागले असतील!

नवा भाडेकरू नोटिशीची मुदत संपायच्या आत मिळाला. लॉरी बुकिंगचं ऑफिस. त्यालाही पाच वर्षंच हवी आहेत. या वेळी नोंदणी करायची असं मालकांनी ठरवलं, आणि मसुदा मी लिहावा असं म्हणाले. चतुःसीमा, मीटर, वाढ हे सगळं भराभर झालं. निघण्याच्या कलमाशी मी पुष्कळ रेंगाळलो. धंदा राहिला नाही तर किती आधी सांगायचं, दुसरा भाडेकरू आणून दिला तर काय, नाही मिळाला तर किती महिन्यांवर थांबायचं, वस्तूंचं काय करायचं, असं एकेक करून लिहिलं. कागद तीन पानांचा झाला. एवढं सविस्तर कलम मी स्वतः कधी नोंदवून घेतलेलं नाही.

मालकांना कन्नडात वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. थोडा वेळ ते बाहेर रस्त्याकडे बघत होते, मग विचारलं, “हे सगळं त्याच्यासाठी झालं. उद्या बँकेनं माझ्याकडे तगादा लावला, इमारत विकायची वेळ आली, मलाच लवकर मोकळं व्हायचं असलं, तर मी कोणाच्या ओसरीवर जायचं?”

ते कलम लिहायचं बाकी आहे. लॉरीवाल्याला विचारल्याशिवाय ते लिहिता येणार नाही, आणि तो सोमवारी सोलापूरहून येणार आहे.